गोवर

मे महिना, दुपारचे अडीच.
कूलरच्या टाकीत पाइप सोडून मी टेकतेच आहे
तर विमलताई डाखोळेंचा फोन :
"अवं पोरी, माह्या लेखाले गोवर निघाला.
डोक्यापासून पायापर्यंत लाल लाल.
तुहा तो तपासनीस काय करून राह्यला?"

तपासनीस मीच बनवलेला.
शुद्धलेखनाचा, फुकट,
लिहायच्या चौकटीला खालून चिकटणारा.
चुकला शब्द की त्याच्याखाली नागमोडी लाल रेघ,
एवढंच त्याचं काम.
बेचाळीस जण वापरतात.
एकेचाळीस कधी बोलत नाहीत.

बंद करून चालू केलं का?
"केलं."
काढून परत टाकलं?
"टाकलं. अंबाडीच्या भाजीवानी
उकडून, पिळून टाकलं."

सेटिंगमध्ये भाषा सापडली : हिंदी.
त्याची तरी काय चूक.
आमच्या गोकुळपेठेतला भाजीवालासुद्धा
भाव हिंदीत सांगतो
आणि कोथिंबीर फुकट द्यायची नसली की मराठीत येतो.

भाषा बदलली. ताप उतरला.
पुरळ मात्र राहिलं जागोजाग :
दुसऱ्या गल्लीत. कोपऱ्यावर.
तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या.
एकतीस वर्षं इतवारी-लालगंजात मीटर वाचलेली बाई,
पायऱ्या तिच्या लेखात येणारच.

रात्री तो शब्द मी चिरून पाहिला.
माझ्या कोशातला र खाली टिंब घेऊन बसलेला.
तिच्या कीबोर्डचा र साधा, पाय मोडलेला,
आणि त्याच्या पुढे आणखी एक कोणीतरी
जो दिसत नाही, उच्चारता येत नाही,
रुंदी शून्य,
काम फक्त दोघांना धरून ठेवायचं.
पडद्यावर दोन्ही पायऱ्या सारख्याच.
माणूस चढून जातो. यंत्र अडखळतं.

दुरुस्ती चार ओळींची निघाली.
शोधायला पहाटेचे तीन.

सकाळी स्कूटरने लालगंजला निघाले.
झिरो माइलच्या खांबापाशी सिग्नल लागला.
इथून छिंदवाडा इतका, जबलपूर तितकं.
रोज जाते इथून,
शून्याकडे मान वळवून पाहिलं आज पहिल्यांदा.
मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

विमलताईंनी चष्मा पुसला, लेख उघडला.
पायऱ्या स्वच्छ.
लाल उरलं ते काहून, भैताड, सांजच्याले.
"हे कोशात घाला म्हणा," मी बटण दाखवलं.
तिनं एकेक शब्द आत घातला,
कपाटात घडी ठेवावी तसा, हाताने दाबून.
भैताडपाशी थांबली.
"याले लालच राहू दे.
नजर लागू नये म्हणून एखादी तीट पाहिजे."

मी उठणार, तर म्हणाली, "बस. एक दाखवतो."
बोट माझ्या निळ्या बटणावर :
शुध्दलेखन तपासा.
"द अर्धा पाहिजे, ध पुरा.
तू उलटं बसवलं."

मी पाहिलं.
दोन वर्षं, बेचाळीस माणसं,
तेच बटण दाबत आलेली.
तपासनीस दुसऱ्याचं सगळं वाचतो,
स्वतःच्या कपाळावरचं नाही.
त्याला मी तसं शिकवलंच नव्हतं.

"तुम्हाला आत्ता दिसलं?"
"पयल्याच दिवशी," ती म्हणाली,
आणि पंखा तीनवरून दोनवर आणला.
"म्हटलं, पोरगी नवी आहे.
पयल्या महिन्याचं रीडिंग
आपण अंदाजेच लिवतो."